गाडीत बदल केला, आता आरसीवर कसा चढवायचा?

पाच-सात वर्षं वापरलेली पेट्रोल गाडी विकण्यापेक्षा तिच्यात सीएनजी किट बसवून घेऊ, हा विचार बडोद्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत कितीतरी घरांत होतो. गॅरेजवाला एका दिवसात किट बसवून देतो. त्या दिवसापासून गाडी एक असते आणि तिच्या आरसी बुकातलं वर्णन दुसरंच असतं. बहुतेक जण "आरटीओचं नंतर बघू" म्हणतात. खरं तर आरटीओचं काम सुटसुटीत होणार की महिनोन्महिने अडकणार, हे किट विकत घेताना हातात कोणते कागद पडतात त्यावरच ठरलेलं असतं. म्हणून हा लेख गॅरेजच्या दारातून सुरू होत नाही, त्याच्या आधीपासून सुरू होतो.

पहिल्यांदा आपलं आरसी एकदा नीट वाचा. त्यावर इंजिन नंबर, चेसिस नंबर, इंधन, रंग, बॉडीचा प्रकार, बसणाऱ्यांची संख्या, इंजिनाचे सीसी, रिकाम्या गाडीचं वजन, बीएस मानक (धुरातल्या प्रदूषणाची मर्यादा ठरवणारं) आणि कर्ज असेल तर बँकेचा बोजा अशा ओळी असतात. आपण करणार तो बदल यांपैकी एखाद्या ओळीला हात लावतो का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारायचा. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, मॅटिंग, रिव्हर्स कॅमेरा यांनी कुठलीच ओळ बदलत नाही, तेव्हा तिथे आरटीओचा संबंध नाही. सीएनजी किटने मात्र दोन ओळी बदलतात. एक इंधनाची. दुसरी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही ती, रिकाम्या गाडीच्या वजनाची. कारण बाटला, म्हणजे गॅसचा सिलिंडर, त्याचं ब्रॅकेट आणि आतला गॅस मिळून डिकीत सत्तर-ऐंशी किलोंची भर पडते.

कायदा म्हणजे मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५२. गाडी बनवणाऱ्या कंपनीने जी वैशिष्ट्यं नमूद केली आहेत त्यांच्याशी आरसीवरचा तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये, असं ते सांगतं. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या एका प्रकरणात हे कलम असंच काटेकोर वाचलं. त्यानंतर "आता गाडीत काहीच करता येत नाही" अशी समजूत पसरली, ती चुकीची आहे. याच कलमात सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा वेगळ्या इंधनावर गाडी चालावी म्हणून मान्यताप्राप्त किट बसवायला स्पष्ट मुभा आहे, अट इतकीच की ते नियमांनुसार बसवावं आणि नोंदवावं. बदल केल्यापासून १४ दिवसांच्या आत तो आपण राहतो त्या भागाच्या आरटीओला कळवायचा असतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी लागते. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या कलम १८२ए नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द महत्त्वाचे आहेत. किट, क्रॅश गार्ड आणि बदललेला सायलेन्सर असे तीन बदल असतील तर हिशोब तीनदा लागतो.

काही बदल कितीही अर्ज केले तरी आरसीवर चढत नाहीत, त्यांच्यात वेळ घालवू नका. समोर लावलेला लोखंडी क्रॅश गार्ड त्यातलाच. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवून तो कलम ५२ चा भंग ठरवला आहे. काचांमधून किती प्रकाश आरपार जायला हवा याची मर्यादा केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० मध्ये आहे, पुढची-मागची काच ७० टक्के आणि बाजूच्या काचा ५० टक्के. ती ओलांडणारी काळी फिल्म नोंदवून नियमित होत नाही, काढावीच लागते. कर्कश सायलेन्सरचंही तेच. छप्पर कापणं, चेसिस वाढवणं किंवा तोडून जोडणं हा तर गाडीच्या सुरक्षिततेशी खेळ आहे, आणि त्याला कोणताही प्रामाणिक निरीक्षक सही देणार नाही.

किट घेण्याआधी

सीएनजी किटला चाचणी संस्थेची मान्यता लागते. पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट यांसारख्या, केंद्रीय मोटार वाहन नियमांत नावं दिलेल्या संस्था ती देतात. मान्यता "या कंपनीचं किट चांगलं आहे" अशी सरसकट नसते. ती ठरावीक गाड्यांसाठी किंवा ठरावीक सीसीच्या टप्प्यासाठी, ठरावीक बीएस मानकासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी असते. मुदत तीन वर्षांची, मग नूतनीकरण. गॅरेजवाला भिंतीवरचं फ्रेममधलं प्रमाणपत्र दाखवेल, त्यावर समाधान मानू नका. त्याची झेरॉक्स आणि सोबतची गाड्यांची यादी हातात घ्या, आणि तीन गोष्टी स्वतः जुळवा: आपल्या गाडीचं मॉडेल किंवा सीसी त्यात बसतं का, आरसीवर लिहिलेलं बीएस मानक तेच आहे का, आणि किट बसवण्याच्या तारखेला मान्यता चालू असेल का.

अर्ज फेटाळला जाण्याचं मोठं कारण इथेच असतं. बीएस-६ पेट्रोल गाड्यांत बाहेरून किट बसवायला केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये परवानगी दिली, तीही ३.५ टनांच्या आतल्या गाड्यांना. त्यामुळे बीएस-४ साठी मान्य झालेलं किट आजही एखाद्या दुकानात स्वस्तात मिळतं आणि एप्रिल २०२० नंतरच्या गाडीत ते नीट बसतंही. गाडी चालते, ॲव्हरेज मिळतं, सगळं छान. पण संगणकावर किटची मान्यता आणि गाडीचं मानक जुळत नाही, आणि तिथून पुढे काहीच करता येत नाही. किट बदलणं हाच एक मार्ग उरतो.

दुसरा प्रश्न बाटल्याचा. किटच्या मान्यतेत तो येत नाही, त्याचा कायदा वेगळा आहे: गॅस सिलिंडर नियम २०१६, आणि त्यावर देखरेख करणारी पेसो ही नागपुरात मुख्यालय असलेली केंद्रीय संस्था. बाटल्यात गॅस २०० बार दाबाने भरला जातो, म्हणजे आपल्या टायरमधल्या हवेच्या ऐंशी-नव्वद पट. म्हणून पेसोने मान्य केलेला बाटला आणि दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेली चाचणी, या दोन गोष्टींत तडजोड नाही. बाटल्याच्या खांद्यावर, म्हणजे व्हॉल्व्हजवळच्या गोलाईवर, त्याचा नंबर, पाण्याच्या मापाने क्षमता, रिकामं वजन, चाचणीचा दाब आणि चाचणीची तारीख ठोकलेली असते. गाडीत बसवण्यापूर्वीच मोबाइलवर त्याचा स्वच्छ फोटो काढा. एकदा तो डिकीत आडवा बसला आणि व्हॉल्व्हवर वायुरोधक आवरण चढलं की नंबर दिसणं कठीण होतं, आणि अर्जात एक आकडा चुकला तर तपासणीच्या दिवशी तो बाटला "दुसराच" ठरतो.

वापरलेला बाटला स्वस्त मिळतो म्हणून घेणारे पुष्कळ आहेत. त्यात चाचणीची तारीख उलटलेली असण्याचा धोका आहेच, शिवाय तो नंबर जुन्या गाडीच्या नोंदीत चिकटलेला असू शकतो. त्या गाडीवरून तो आधी उतरवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

बिलाबद्दल एक सूचना, आणि ती टाळू नका. बिल आरसीवरच्या मालकाच्याच नावाने हवं. वडिलांच्या नावावरची गाडी आणि मुलाच्या नावाचं बिल, हे आपल्या घरांत सर्रास घडतं आणि तिथेच अर्ज परत येतो. बिलावर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, किटच्या रेड्यूसरचा (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचा) अनुक्रमांक आणि बाटल्याचा नंबर असावा. बिलाबरोबर गॅरेजने आणखी तीन कागद द्यायला हवेत: किट बसवल्याचं प्रमाणपत्र, किट कंपनीने त्या गॅरेजला दिलेल्या अधिकारपत्राची प्रत, आणि बाटल्याच्या चाचणीचं प्रमाणपत्र. "आरटीओचं आम्ही बघून घेतो" म्हणणाऱ्या गॅरेजकडूनही हे कागद स्वतःच्या ताब्यात घ्या. मूळ कागद गाडीच्या मालकाचे असतात. गॅरेज बंद पडलं तर ते पुन्हा मिळवणं जवळपास अशक्य असतं.

बसवताना काय बघावं

निरीक्षक जे बघणार आहे ते आपणही गॅरेजमध्ये उभं राहून बघू शकतो. बाटल्याचं ब्रॅकेट नुसत्या डिकीच्या पत्र्याला नको, गाडीच्या मजबूत भागाला बोल्टने घट्ट धरलेलं हवं आणि पट्ट्यांखाली रबर हवं, म्हणजे लोखंडावर लोखंड घासून बाटल्याला खाच पडत नाही. व्हॉल्व्हवरच्या आवरणातून निघणारी नळी गाडीच्या बाहेर उघडायला हवी. ती डिकीतच सोडलेली असेल तर गळती झाल्यास गॅस सीटमागे साठतो. उच्च दाबाची पोलादी नळी सायलेन्सरपासून दूर, ठरावीक अंतरावर क्लिपने बांधलेली आणि कुठेही चेपलेली नसावी. गॅस भरण्याच्या तोंडावर धुळीचं बूच हवं. बाटल्याच्या चाचणीची धातूची पाटी जागेवर हवी, पंपावरही ती बघतात. गाडीवर सीएनजीचं लेबल हवं. इंधन बदलण्याचं बटण दोन्हीकडे चालतंय ना, हेही बघा. तपासणीला जाताना टाकीत थोडं पेट्रोल आणि बाटल्यात थोडा गॅस, दोन्ही ठेवा.

गॅरेजमधून निघताना सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

अर्ज आणि दरजीपुरा

अर्ज परिवहन मंत्रालयाच्या पोर्टलवर, वाहनांच्या सेवांमध्ये होतो. राज्य गुजरात, कार्यालय वडोदरा, गाडीचा नंबर, चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे, आणि मग ओटीपी. हा ओटीपी आरसीशी जोडलेल्या मोबाइलवर जातो. गाडी घेताना शोरूमवाल्याने स्वतःचाच नंबर टाकलेला असणं हा नेहमीचा घोटाळा आहे, म्हणून मोबाइल नंबर अद्ययावत करण्याची सेवा आधी उरकून घ्या. मग "वाहनातील बदल" ही सेवा निवडायची. इंधन पेट्रोलऐवजी पेट्रोल/सीएनजी केलं की किटच्या तपशिलाचे रकाने उघडतात: किट कंपनी, अनुक्रमांक, मान्यता क्रमांक व तारीख, गॅरेज, बसवल्याची तारीख, बाटल्याचा नंबर, हायड्रो टेस्टची तारीख. हे सगळं बिलावरून आणि फोटोवरून भरा, आठवणीने नको. कागदांमध्ये आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पॅन, किटचे सगळे कागद, कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट (कागद ठेवून पेन्सिल घासून उमटवलेला ठसा) ठेवा. फी पडद्यावर दिसते ती भरून तपासणीची वेळ घ्यायची.

अर्ज पुढेच सरकत नसेल तर दोष सहसा किटचा नसतो. थकलेलं ई-चलान, संपलेला विमा किंवा संपलेली पीयूसी यांपैकी काहीतरी नोंदीत अडून बसलेलं असतं. चौथं कारण जास्त फसवं आहे. कर्ज दोन वर्षांपूर्वी फिटलं, बँकेने पत्रही दिलं, पण आरसीवरचा बोजा कुणी उतरवलाच नाही. तो आधी फॉर्म ३५ आणि बँकेच्या पत्राने उतरवा, मग बदलाचा अर्ज करा. दोन्ही एकाच वेळी ढकलायला गेलात तर दोन्ही अडतात.

तपासणी दरजीपुऱ्याच्या आरटीओत होते. गाडी तिथे न्यावीच लागते, कारण निरीक्षक चेसिस नंबर, बाटल्याचा नंबर आणि किटचा अनुक्रमांक डोळ्यांनी जुळवतो. डिकी रिकामी करून जा. बाटल्यावरचा रंग किंवा धूळ पुसून नंबर वाचता येईल असा ठेवा. पास झाल्यावर नोंद बदलते आणि नवं कार्ड आरसीवरच्या पत्त्यावर पोस्टाने येतं, तेव्हा पत्ता बदललेला असेल तर तेही आधीच नोंदवा. कार्ड येईपर्यंत डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं आरसी चालतं. त्यात इंधनाची ओळ खरोखर बदलली का ते त्याच आठवड्यात बघा, आणि वजनाची ओळही. चूक असेल तर ती ताजी असतानाच सुधारणं सोपं जातं.

विमा आणि पीयूसी

आरसीवर नोंद झाली की त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा. द्विइंधन गाडीसाठी मोटार विम्यात वेगळं कलम आहे. तृतीय पक्षाच्या हप्त्यात ६० रुपये वाढतात आणि स्वतःच्या नुकसानीच्या भागात किटच्या किमतीवर जादा हप्ता लागतो, पूर्वापार दर किंमतीच्या ४ टक्के. चाळीस-पन्नास हजारांच्या किटवर ही रक्कम मोठी नाही. न कळवता अपघात झाला, त्यातही आग लागली, तर सर्व्हेअर पहिल्यांदा आरसी आणि पॉलिसी शेजारी ठेवतो. दोन्हींत किट नसेल तर किटचे पैसे तर जातातच, आख्खा दावाच वादात सापडतो. या एका कारणासाठी तरी नोंदणीत आळस करू नये. रस्त्यावरच्या दंडापेक्षा हे नुकसान कितीतरी मोठं आहे.

पीयूसी केंद्राच्या संगणकावर गाडीची माहिती सरकारी नोंदीतूनच येते, म्हणून नोंद बदलल्यावर पीयूसी नव्याने काढा. काचेवरचा इंधनाचा रंगीत स्टिकर मात्र बदलावा लागत नाही. पेट्रोल आणि सीएनजी दोघांनाही फिकट निळाच रंग आहे.

बाकीचे बदल

रंग बदलायचा असेल तर रंगवण्याआधी आरटीओची परवानगी घ्या, रंगाचं बिल ठेवा आणि मग गाडी दाखवा. पूर्ण गाडीवर वेगळ्या रंगाचं रॅप चढवलं तरी आरसीवरचा रंग जुळत नाही, तेव्हा त्याकडेही रंग म्हणूनच बघा. ऑलिव्ह हिरवा रंग लष्कराच्या गाड्यांसाठी राखीव आहे, तो मिळणार नाही.

इंजिन बदललं असेल तर काम जड आहे. नवं इंजिन असेल तर कंपनीचं बिल पुरतं. जुनं असेल तर ते ज्या गाडीतून काढलं तिचे कागद आणि ते चोरीचं नसल्याचा पोलिसांकडचा दाखला लागेल. भंगारातून घेतलेल्या, कागद नसलेल्या इंजिनाला हात लावू नका.

दिव्यांग व्यक्तीसाठी हाताने चालवायचा ब्रेक-ॲक्सिलरेटर बसवणं कायद्याला मान्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अशा गाडीला स्वतंत्र स्थान दिलं. मात्र आरसीबरोबर चालवणाऱ्याच्या लायसन्सवरही तशी नोंद लागते, ती विसरू नका. पेट्रोल गाडी बॅटरीवर करायची तर किटला एआयएस-१२३ मानकाखालची मान्यता हवी, आणि पूर्ण विजेवर गेलेल्या खासगी गाडीची नंबर प्लेट हिरवी, पांढऱ्या अक्षरांची होते.

बडोद्यातल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास येतो. पुण्याहून किंवा ठाण्याहून बदलीने आलेली, एमएच नंबरची गाडी इथे आहे आणि तिच्यात इथे किट बसवायचं आहे. गाडी १२ महिन्यांहून जास्त काळ गुजरातमध्ये राहणार असेल तर तिला जीजे नंबर घ्यावाच लागतो. तेव्हा आधी मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत, मग इथे फॉर्म २७ ने नवा नंबर, आणि त्यानंतर किट. उलट क्रम केला, म्हणजे आधी किट बसवलं, तर नंबर बदलताना इथला निरीक्षक गाडी तपासतो आणि जुन्या आरसीवर नसलेला बाटला त्याला डिकीत दिसतो. मग किट काढून गाडी दाखवा, नंबर घ्या आणि पुन्हा बसवा, अशी दुहेरी मजुरी पडते.

किट काढून टाकलं तरी तोही बदलच आहे. गाडी विकताना बरेच जण बाटला काढून नव्या गाडीसाठी ठेवतात आणि आरसीवर पेट्रोल/सीएनजी तसंच राहतं. विकत घेणाऱ्याला पंधराव्या वर्षी फॉर्म २५ भरून नोंदणीचं नूतनीकरण करताना "बाटला कुठे आहे" हा प्रश्न येतो. म्हणून काढल्यावर त्याच सेवेतून इंधन परत पेट्रोल करा, बाटल्याचा नंबर नोंदीतून उतरवा, आणि मगच तो दुसऱ्या गाडीत बसवा. नुसता बाटला बदलला, किट तेच राहिलं, तरी नवा नंबर कळवावा लागतो. आणि तीन वर्षांच्या हायड्रो टेस्टच्या वेळी चाचणी केंद्रातून परत येणाऱ्या बाटल्यावरचा नंबर आपल्या फोटोशी ताडून बघा. एकाच वेळी बरेच बाटले तिथे उतरवलेले असतात, आणि अदलाबदल झाली तर ती पहिल्यांदा लक्षात येते ती आरटीओत.